तळलेला स्क्विड घरी केला की रबर का होतो?

स्क्विड, म्हणजे माकूल, गरम तेलात मिनिट-दीड मिनिट राहिला तर दाताखाली सहज तुटतो. चार-पाच मिनिटं राहिला तर चावून चावून जबडा भरून येतो. आणि तोच रश्शात मंद आचेवर तासभर ठेवला तर पुन्हा मऊ पडतो! इतका लहरी कारभार बटाट्याचा नाही, कोंबडीचा नाही, बहुतेक माशांचाही नाही.

तळायला घेतला की त्यात आणखी एक पेच येतो. वरचं आवरण सोनेरी, कुरकुरीत व्हायला वेळ लागतो, आणि नेमका तेवढा वेळ आतल्या मांसाला सोसत नाही. आवरण होईपर्यंत थांबावं तर मांस रबर, मांसाच्या हिशेबानं काढावं तर आवरण फिकट आणि गिळगिळीत. घरी केलेला स्क्विड बहुतेक वेळा या दोनपैकी एका बाजूला कलंडतो.

यावर सल्ले ढीगभर मिळतात. दुधात भिजवा, सोडा लावा, दोनदा तळा, पिठात सोडा वॉटर घाला. एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. माझ्या मते यातला कुठलाही सल्ला एकाच प्रश्नावर तपासावा: यानं आवरण लवकर तयार होतं का? मांसाला मिळणारा वेळ फारसा वाढवता येत नाही. आवरणाचं काम मात्र बरंच लवकर उरकता येतं.

## या मांसात वेगळं काय आहे

स्क्विड हा शिंपल्या-गोगलगायींच्या कुळातला प्राणी. त्याला हाडं नसतात. शरीराच्या नळीत प्लास्टिकसारखी दिसणारी एक पारदर्शक पट्टी असते, तेवढाच काय तो आधार. ती कायटिनची असते. कोळंबीच्या कवचातही तेच असतं. सांगाडा नसल्यामुळे आकार सांभाळायचं आणि पोहायचं, दोन्ही कामं स्नायूंनाच करावी लागतात. नळीत पाणी भरून घ्यायचं, ती झटक्यात आवळायची आणि पाण्याच्या झोतानं पुढे सरकायचं, अशी त्याची चाल.

यासाठी लागणारे स्नायूंचे धागे फार बारीक असतात, माशाच्या किंवा बकऱ्याच्या मांसातल्या धाग्यांपेक्षा कितीतरी बारीक. त्यातले बरेचसे नळीभोवती गोल फिरतात, काही भिंतीच्या जाडीतून आडवे जातात. आणि भिंतीच्या आतबाहेर दोन्ही बाजूंनी कोलॅजनचं अस्तर असतं. कोलॅजन म्हणजे प्राण्यांच्या शरीरात कातडी, स्नायू आणि हाडं बांधून ठेवणारं चिवट प्रथिन. स्क्विडमध्ये ते माशाच्या तिप्पट ते पाचपट असतं. माशातलं कोलॅजन दुबळं असतं, थोड्या उष्णतेनंच विरघळतं, म्हणून शिजलेला मासा काट्यावरून अलगद सुटतो. स्क्विडचं कोलॅजन तसं नाही. त्याचे धागे एकमेकांना घट्ट जोडलेले असतात.

मांस ५५ ते ५७ अंश सेल्सियसला पोचलं की ते रसरशीत असतं आणि चावताना किंचित कुरकुर लागते. ६० अंशांच्या आसपास कोलॅजनचं अस्तर आकसू लागतं. ओलं फडकं पिळावं तसं ते आतल्या धाग्यांमधलं पाणी बाहेर काढतं. तुकडा गुंडाळतो, लहान होतो, कोरडा पडतो. हेच ते रबर. पुढे तासभर ओल्या उष्णतेत ठेवलं तर आकसलेलं कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन होतं आणि मांस पुन्हा मऊ लागतं. थोडक्यात, झटपट तरी शिजवा नाहीतर निवांत तरी. तळणीत तासभर थांबता येत नाही, त्यामुळे आपल्याला पहिलाच मार्ग उरतो. (तळलेला स्क्विड फसलाच, तर तो टाकू नका. रश्शात मंद आचेवर शिजत ठेवा. पीठ सुटून रस्सा दाट होईल आणि मांस वाचेल.)

## मग तो कच्चा राहणार नाही का?

हा प्रश्न रास्त आहे. स्क्विडमध्ये ॲनिसाकिस नावाचा परजीवी कृमी असू शकतो, आणि मासे-शिंपल्यांसाठी ६३ अंश हे सुरक्षित तापमान मानलं जातं. पण नळीची भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाड असते. १८० अंशांच्या तेलात तिच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायला मिनिटभर पुरतं. कच्चं असताना अर्धपारदर्शक दिसणारं मांस आतपर्यंत दुधी पांढरं झालं की समजावं, झालं. कोलॅजनही क्षणात आकसून संपत नाही, जितका वेळ ताप तितकं जास्त आकसतं. म्हणून ६० अंश ओलांडले तरी बिघडत नाही, तिथे रेंगाळलं की बिघडतं. शिवाय उणे २० अंशांवर सात दिवस गोठवलेल्या मांसात हा कृमी जिवंत राहत नाही.

गोठवण्याचा आणखी एक फायदा लोकांना खरा वाटत नाही: गोठवलेला स्क्विड बरेचदा ताज्यापेक्षा मऊ लागतो. पाण्याचे स्फटिक होताना ते बारीक धागे तोडतात, म्हणजे मांस कुटायचं काम फ्रीजरच करून टाकतो. ‘ताजा मिळाला नाही’ म्हणून हळहळायचं काही कारण नाही. फक्त तो रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सावकाश वितळू द्यावा, आणि सुटलेलं पाणी टाकून द्यावं. ताजा घेत असाल तर कातडी चकचकीत हवी आणि आतलं मांस पांढरं. कातडीचा रंग मांसात उतरून ते गुलाबी झालं असेल किंवा अमोनियासारखा वास येत असेल तर घेऊ नये.

## कुरकुरीत व्हायचं म्हणजे पाणी घालवायचं

तुकडा तेलात पडला की जे बुडबुडे उसळतात, ते उकळणाऱ्या तेलाचे नसतात. ती वाफ असते. पिठातलं आणि मांसातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं. जोवर पृष्ठभागावर पाणी आहे, तोवर तेल १८० अंशांवर असलं तरी पृष्ठभाग १०० अंशांपलीकडे फारसा जात नाही. खमंग तपकिरी रंग आणि चव मात्र १४० अंशांच्या पुढे जोमानं तयार होते. म्हणजे आधी पाणी जायला हवं, मग रंग येणार.

पिठातलं स्टार्च, म्हणजे धान्यातला पिष्टमय भाग, आधी पाणी शोषून फुगतं, चिकट होतं, आणि मग सुकून कडक, ठिसूळ होतं. दाताखाली जो कडकडाट होतो तो या सुकलेल्या, आतून बारीक पोकळ्या असलेल्या थराचा. पिठाला ओल लागते ती एवढ्यापुरती. त्यापेक्षा जास्त ओल हे निव्वळ नुकसान.

किती नुकसान, ते बघा. २० अंशांचं पाणी उकळीपर्यंत न्यायला जितकी ऊर्जा लागते, त्याच्या पावणेसात पट ऊर्जा उकळलेल्या पाण्याची वाफ करायला लागते. एक लिटर तेलात फक्त १० ग्रॅम पाण्याची, म्हणजे दोन चहाच्या चमच्यांची वाफ व्हायची असेल आणि खालची आच जमेस धरली नाही, तर तेल साधारण १० ते १५ अंशांनी उतरतं. नीट न निथळलेल्या पाव किलो स्क्विडवर याहून जास्त पाणी सहज असतं. तेल ते पाणी घालवण्यात गुंततं, आवरण फिकटच राहतं, आणि मांस तोवर शिजून पुढे गेलेलं असतं.

म्हणून मला विचाराल तर या पाककृतीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे कोरडं फडकं. चिरलेले तुकडे त्यावर पसरा, वरून दुसऱ्यानं दाबा, रिंगांच्या आतून पुसा. तंगड्यांच्या बेचक्यात पाणी अडकतं, तिथे जास्त लक्ष द्या. मग पसरट ताटात, न झाकता, अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवले तर आणखी उत्तम. फ्रिजमधली कोरडी हवा पृष्ठभाग सुकवते, आणि गार मांस शिजायला काही सेकंद जास्त घेतं. गार तुकड्यांनी तेल थोडं जास्त उतरतं खरं, पण घाणा लहान ठेवला तर हा सौदा परवडतो.

## साफ करणं आणि चिरणं

डोकं धरून ओढलं की आतड्यांसकट बाहेर येतं. डोळ्यांच्या पुढे सुरी लावून तंगड्या वेगळ्या करा आणि त्यांच्या मधोमध असलेली टणक चोच दाबून काढून टाका. नळीतली पारदर्शक पट्टी ओढून घ्या, जांभळट कातडी सोला, आतून धुवा. कातडी सोलण्याचा कंटाळा करू नये. ती तळताना आकसते, आणि तिच्याखाली पाणी अडकलं तर तुकडा फुटून तेल उडतं.

रिंगा दिसायला छान, पण रिंग कापली की नळीभोवतीचे धागे पूर्ण लांबीचे राहतात आणि ते दातांनी तोडावे लागतात. लहान स्क्विडला त्याचा त्रास होत नाही. नळी जाड असेल तर ती उभी चिरून सपाट उघडावी, आतल्या बाजूवर सुरीच्या टोकानं तिरक्या उथळ रेषांची जाळी करावी आणि नळीच्या लांबीच्या दिशेनं बोटभर पट्ट्या कापाव्यात. मग धागे आखूड होतात आणि पट्टी सहज तुटते. चिरा आतल्या बाजूलाच द्यायच्या, कारण बाहेरचं अस्तर आकसून पट्टी उलटी वळते आणि जाळी वर येऊन उमलते. त्या चिरांमध्ये पीठही धरतं. रिंगाच करायच्या असतील तर सेंटिमीटरभर रुंद ठेवा. नाजूक, पातळ रिंगा आवरणाला रंग येण्याआधीच शिजून जातात.

## कोणतं पीठ?

मैद्यात ग्लूटेन असतं, म्हणजे पाणी लागून मळलं की ताणलं जाणारं प्रथिन. त्यामुळे आवरण तुकड्याला चांगलं चिकटतं, पण ते जास्त झालं तर चिवट होतं. कॉर्नफ्लोअर जवळजवळ शुद्ध स्टार्च, ते कडक होतं पण रंग फारसा घेत नाही. तांदळाच्या पिठात ग्लूटेन नसतं, ते खुसखुशीत होतं आणि तेल कमी पितं. मैदा निम्मा आणि उरलेल्या निम्म्यात कॉर्नफ्लोअर किंवा तांदळाचं पीठ, हे मिश्रण मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. चिमूटभर बेकिंग पावडर घातली तर वायूच्या बारीक बुडबुड्यांनी थर हलका होतो.

पातळ भिजवलेल्या पिठात बुडवायचं की कोरडं पीठ घोळायचं? भिजवलेल्या पिठात पाणी भरपूर, म्हणजे तेलाला काम जास्त. ते करायचंच असेल तर बर्फगार सोडा वॉटर घ्या, कारण वायूनं थर जाळीदार होतो, आणि गार पाण्यात ग्लूटेन कमी तयार होतं. पीठ ढवळतही बसू नका, गुठळ्या राहिल्या तरी चालतील. पण घरच्या शेगडीवर कोरडं घोळणंच सोयीचं. आवरण पातळ बसतं आणि मिनिटाभरात तयार होतं. मीठ-मिरपूड पिठात घाला, तुकड्यांना आधी लावू नका. मीठ पाणी ओढून बाहेर काढतं आणि फडक्यानं केलेली मेहनत वाया जाते. घोळून झालं की चाळणीत झटका, आणि लगेच तेलात. पीठ लावून ठेवलेले तुकडे दहा मिनिटांत ओलसर होतात.

## दूध, सोडा, पपई: भिजवून काही होतं का?

दुधानं मांस मऊ होतं, असं बरेच जण सांगतात. दूध जवळजवळ उदासीन असतं, आम्ल नाही आणि अल्कही नाही, त्यामुळे मांसावर त्याचा परिणाम नाममात्र होतो. मात्र ते उग्र वास कमी करतं, आणि त्यातली साखर व प्रथिनं पिठाबरोबर मिसळून रंग लवकर आणतात. म्हणजे दूध उपयोगी आहे, पण सांगितलं जातं त्या कारणासाठी नाही. भिजवलंत तर घोळण्यापूर्वी कडक निथळून घ्या.

खाण्याच्या सोड्याचं काम खरं आहे. अल्कधर्मी वातावरणात प्रथिनांचे धागे एकमेकांपासून दूर सरतात आणि पाणी धरून ठेवतात, त्यामुळे मांस चटकन आवळत नाही. अर्धा किलोला अर्धा चहाचा चमचा, पंधरा-वीस मिनिटं, मग धुऊन पुन्हा कोरडं करणं. जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि पोत बुळबुळीत होतो. लहान, कोवळ्या स्क्विडला मी सोडा लावणार नाही. मोठ्या, जाड नळीला लावीन.

पपई, किवी, अननस यांतली विकरं प्रथिनं तोडतात, पण ती पृष्ठभाग आधी पिठूळ करतात आणि इतक्या पातळ मांसात पृष्ठभागाखाली उरतं काय? सोडून द्या. लिंबू तळल्यावर पिळावं. आम्लात फार वेळ ठेवलं तर मांस घट्ट होतं. तळल्यावर पिळलेल्या लिंबाला मात्र काम आहे, कारण समुद्री प्राण्यांचा तो ठरावीक वास ज्या संयुगांमुळे येतो, ती आम्लात अडकून हवेत उडेनाशी होतात.

## तेल आणि घाणा

तेल १८० ते १९० अंशांवर हवं. स्वयंपाकाचा थर्मामीटर घेणार असाल तर याच कामासाठी घ्या. नसेल तर कोरड्या लाकडी चमच्याचं टोक तेलात धरा, भोवती लगेच बारीक बुडबुड्यांची रांग उठली की तेल तयार. धूर दिसला तर पुढे गेलं. रिफाइंड सूर्यफूल किंवा शेंगदाणा तेल यासाठी ठीक, ते २२० अंशांच्या पुढे धुरावतं.

हॉटेलांत हे सहज जमतं त्याचं मोठं कारण हातखंडा नसून तेलाचं प्रमाण आहे. त्यांच्या मोठ्या तळणीत मूठभर तुकड्यांनी तेलाला काही फरक पडत नाही. घरच्या लिटरभर तेलात तेच तुकडे टाकले की तेल कोसळतं. म्हणून एका वेळी सात-आठ रिंगा, त्याही सुट्या सुट्या. आच मोठी. टाकल्यावर दहा-पंधरा सेकंद झारा लावू नका, पीठ धरू द्या. साठ ते नव्वद सेकंदांत बाहेर. बुडबुडे मंदावले म्हणजे पृष्ठभागावरचं पाणी संपत आलं, ही खूण रंगापेक्षा विश्वासाची. रंग गडद तपकिरी व्हायची वाट बघू नका, स्क्विडवर फिकट सोनेरीच बरोबर. पुढचा घाणा टाकण्याआधी तेल पुन्हा तापू द्या आणि खाली गळालेलं पीठ झाऱ्यानं काढून घ्या, नाहीतर ते जळून पुढच्या घाण्याला कडवट करतं.

## बाहेर काढल्यावर ते मऊ का पडतं?

मांसात पाणी आहे, आवरणात नाही. ते पाणी बाहेरच्या बाजूला सरकणारच. हे थांबत नाही, फक्त लांबवता येतं. गरम तुकडे कागदावर ढीग करून ठेवले की खालची वाफ कोंडते आणि पाच मिनिटांत सगळं ओलं होतं. त्यांना जाळीवर, एका थरात ठेवा, झाकू नका. मीठ वरून भुरभुरायचं असेल तर याच क्षणी.

तेलकटपणाही इथेच ठरतो. तळताना बाहेर येणारी वाफ तेलाला आत शिरू देत नाही. तुकडा बाहेर काढला की तो गार होतो, आतली वाफ आक्रसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत खेचलं जातं. बरंचसं तेल या वेळी शोषलं जातं. म्हणून झाऱ्यातच दोन-तीनदा जोरात झटकून मग जाळीवर टाका.

दोनदा तळणं बटाट्याला लागू पडतं, इथे नाही. दुसऱ्या फेरीत आवरण सुधारतं पण मांस जातं. एअर फ्रायरबद्दलही तेच: गरम हवा तेलापेक्षा फार सावकाश उष्णता देते, त्यामुळे कोरडं पीठ पिठूळच राहतं आणि मांस तोवर आवळतं. एअर फ्रायरच वापरायचा असेल तर ब्रेडचा चुरा थोड्या तेलात आधी परतून सोनेरी करा आणि मग तो तुकड्यांना लावा. आवरण आधीच तयार असल्यामुळे यंत्राला फक्त मांस शिजवायचं उरतं.

## कोलेस्टेरॉल, ॲलर्जी आणि उडणारं तेल

शंभर ग्रॅम कच्च्या स्क्विडमध्ये सव्वादोनशे मिलिग्रॅमच्या वर कोलेस्टेरॉल असतं, हे बरंच आहे. संपृक्त चरबी मात्र फार कमी, आणि बहुतेकांच्या रक्तातल्या कोलेस्टेरॉलवर तिचाच परिणाम जास्त होतो. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं असेल तर अर्थात तेच पाळा. ॲलर्जीचं प्रकरण जास्त गंभीर. स्क्विडच्या स्नायूतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन अनेकांना त्रास देतं, कोळंबीतही त्याचाच भाऊबंद असतो, आणि तळल्यानं ते निष्प्रभ होत नाही. कोळंबी सोसत नसलेल्या माणसाला वैद्यकीय सल्ल्याशिवाय स्क्विड वाढू नये, आणि ज्या तेलात तो तळला त्यात त्याच्यासाठी दुसरं काही तळूही नये.

स्क्विड तळताना तेल उडतं ते अडकलेल्या पाण्यामुळे. पाण्याची वाफ झाली की आकारमान सोळाशे पटींहून जास्त वाढतं. अख्ख्या नळ्या तेलात सोडू नका, तंगड्या सगळ्यात शेवटी तळा, आणि खोल कढईत तेल निम्म्यापेक्षा कमी ठेवा. बाजूला कढईवर बसेल असं झाकण असू द्या. तेलानं पेट घेतलाच तर गॅस बंद करून झाकण घालायचं. पाणी अजिबात ओतायचं नाही, कढई उचलून न्यायचीही नाही.

उरलेलं तेल गार झाल्यावर बारीक गाळणीतून गाळून ठेवलं तर आणखी एकदा समुद्री पदार्थ तळायलाच वापरा. गोड किंवा भाज्यांच्या तळणीत त्याचा वास लपत नाही.